मागल्या दारची जमीन : पेडणे आणि डिचोलीतील परसाचा इतिहास

पेडणे आणि डिचोली या दोन महालांचे जुने कागद चाळले, तर त्यांत भात आहे, माड आहे, सुपारी आहे. देवस्थानांच्या मोडी जमाखर्चात नारळांची गणती आणि भाताच्या खंडी, कुडव नेमाने उतरलेले दिसतात. तांबडी भाजी मात्र कुठे दिसत नाही. दुदी, दोडकी, पडवळ, अळू, काटेकणगी यांच्यावर सारा नव्हता. त्यामुळे त्यांची मोजदाद करण्याचे कोणाला कारण पडले नाही. गोव्याच्या शेतीवर आजवर जे लिहिले गेले, त्यात खाजन जमिनी आहेत, गावकरी संस्था आहेत, कुळागरे आहेत. रोजच्या भाताशेजारचे तोंडी लावणे ज्या तुकड्याने पुरवले, त्याच्या वाट्याला एखादा परिच्छेदही क्वचित येतो.

या व्याख्यानात त्या तुकड्याविषयी बोलायचे आहे. परसातल्या भाजीचा इतिहास बियाण्यांचा आणि चवींचा आहेच. पण त्याआधी तो पायाखालची जमीन कोणाची होती याचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. वाचकहो, आपल्यापैकी काही जण भाटकारांच्या घरचे आहेत, काही मुंडकारांच्या. दोन्ही घरांत भाज्या त्याच शिजल्या. त्या लावण्याचा अधिकार मात्र सारखा नव्हता.

परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. बोलण्यात कुठे परस म्हणतात, कुठे पोरसूं. मराठीतल्या 'परसाकडे जाणे' या वाक्प्रचाराला आपण आज हसतो, पण तिथली माती इतकी काळी का, याचे उत्तरही त्यातच आहे. परस आणि कुळागर या दोन वेगळ्या गोष्टी. कुळागर ही संपत्ती. झऱ्याचे पाणी पाटाने फिरवून सुपारी, माड, केळी, मिरवेल, जायफळ यांची केलेली ती लागवड. तिची वाटणी होते, तिच्यावर कर्ज मिळते, तिचे खटले चालतात. परसाचा खटला सहसा होत नसे. ते घरातल्या बायकांच्या हातचे होते, आणि त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता.

त्याची मांडणी पाण्याने ठरवलेली असे. न्हाणीचे पाणी बाहेर पडते तिथे अळू, हळद आणि केळीचे बेट. भांडी घासण्याच्या जागेशी दुदीचा किंवा लाल भोपळ्याचा वेल. तो वर चढून छपरावर पसरायचा. चुलीची राख तांबड्या भाजीच्या वाफ्यावर. वईला लागून शेवगा आणि एखादी पपई. मृगाच्या सुमारास मांडव घालून त्यावर दोडकी, पडवळ आणि तवशी चढवायची. भात कापून झाले की घराजवळच्या शेतातल्या ओलीवर मळे धरायचे. त्यात तांबडी भाजी, मुळा, मिरची, वांगी, अळसांदे, आणि हे सारे खांद्यावरच्या घागरी-कळशांच्या पाण्यावर. पेडण्याच्या किनाऱ्याकडे, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात, माती वाळूमिश्रित. तिला ताकद यावी म्हणून शेणखताबरोबर मासळीचे खत. डिचोलीच्या अंगाला जांभ्या दगडाची जमीन, तिथे भर पानांच्या खतावर आणि राखेवर. दोन महालांच्या मध्ये फार अंतर नाही, तरी हाताला लागणारी माती वेगळी आणि त्यामुळे परसातली बाईही थोडी वेगळ्या विचाराची.

बियाण्यांची सोय घरातच होती. पहिल्या बहारातले एक चांगले तवसे, एक दुदी वेलावरच पिकू द्यायची; तिला हात लावायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही माहीत असे. पिकलेली तवशी आणि कोहाळे माडाच्या झावळीच्या दोरीने आढ्याला टांगले जात. बी राखेत किंवा शेणात घोळवून भिंतीला थापले जाई, नाहीतर चुलीवरच्या धुराच्या जागी बांधून ठेवले जाई. आणि हे बी लग्नांबरोबर फिरे. बांद्याची मुलगी तोरश्यात दिली, साळची दोडामार्गकडे गेली, की पुढच्या पावसाळ्याच्या आधी माहेरचे बी सासरी पोचलेले असे. या दोन महालांची सोयरीक सावंतवाडीकडे आहे हे आपण जाणतो. परसातल्या वेलांचीही तीच.

परसातल्या पिकांचे खरे भरते श्रावणात. मासळी बंद, समुद्र बंद, आणि वेल मात्र भरात. श्रावणातल्या जेवणाला आपण धार्मिक नियम म्हणतो. पण नियम आणि हंगाम यांची इतकी नेमकी गाठ पाहिली, की नियम कोणी घातला त्याचे परस जवळच असावे असे वाटते. खतखत्यात पडणारे सुरण, कच्चे केळे, अळू, शेवग्याची शेंग आणि दोडके यांतले काहीच विकत आणावे लागत नसे. विकत येई ते मीठ.

या सगळ्यात जुने किती आणि परके किती, हा प्रश्न गमतीचा आहे. मिरची, रताळे, लाल भोपळा, पपई, पेरू, अननस, काजू, टोमॅटो, बटाटा ही सारी अमेरिका खंडाची. पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने ती इकडे आली, आणि बटाटा, पपई, अननस, काजू, कोबी हे शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत रुजले. पण परसाने सगळ्यांना आत घेतले नाही. मिरची, रताळे, भोपळा, पपई इतकी घरची झाली, की ती पाहुणी होती हे सांगितले तर म्हाताऱ्या माणसांना पटत नाही. बटाटा आणि कोबी यांना थंड रात्री हव्यात. त्या किनाऱ्यालगत मिळत नाहीत. ती दोन्ही घाटावरूनच येत राहिली. हा साधा हवामानाचा फरक १९५५ साली राजकारणाचा विषय झाला. त्याकडे पुढे वळू.

परसातल्या वनस्पतींना जुना कागद अजिबातच नाही असेही नाही. तो मिळतो तिकडे कोचीनला. सोळाव्या शतकात गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या कोकणी कुटुंबांपैकी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांनी डच अधिकारी व्हान रेडे याला वनस्पतींची माहिती दिली, आणि १६७५ साली तसा दाखला नागरी लिपीत लिहून दिला. 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्याच्या चित्रांवर इतर लिप्यांच्या जोडीला नागरीतली नावेही कोरलेली आहेत. घर सोडताना माणसे देव नेतात हे आपण ऐकून आहोत. या तिघांच्या पूर्वजांनी झाडांची नावेही नेली होती.

मागे राहिलेल्यांच्या आवारात काय लावायचे, यावर पुढे सत्तेने बोलून दाखवले. १७३६ च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात बाटलेल्या लोकांच्या रीतीभातींवर लांबलचक बंद्या घातल्या. त्यांत घरात किंवा आवारात तुळस लावू नये, असेल ती उपटावी, हेही होते. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकिगत सविस्तर मांडली आहे. एका रोपट्यासाठी फर्मान निघावे, यावरून अंगण-परस ही किती मोलाची जागा होती ते कळते. तेव्हा पेडणे आणि डिचोली सावंतवाडीकरांकडे होती. डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ साली कायमचे गेले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि या नव्या मुलखातल्या हिंदूंच्या चालीरीती राखण्याचे धोरण ठरले होते. म्हणून बार्देशात आणि पेडण्यात मध्ये एक शापोरा नदीच असली, तरी अंगणातली रोपे वेगळी राहिली. चतुर्थीच्या माटोळीला लागणारी रानातली आणि परसातली फळे, पत्री, मुळे यांची ओळख इकडे खंड न पडता पिढ्यान्‌पिढ्या उतरली ती याच कारणाने.

सत्ता बदलली तरी जमिनीची रचना फारशी हलली नाही. पेडण्यात मोठमोठ्या जमिनी थोड्या घराण्यांच्या हाती होत्या. डिचोली महालात मये गाव एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या नावे होता. भाटात घर बांधून राहणारा तो मुंडकार. घराच्या भिंती त्याच्या, जमीन भाटकाराची. त्या बदल्यात राखण, माडांची देखभाल, कापणीच्या वेळी हजेरी, सणासमारंभाला राबणे. अनेक घरांत हा संबंध मायेचाही होता; भाटकाराच्या घरच्यांनी त्या मायेच्या आठवणी लिहिल्याही आहेत. मुंडकारांच्या घरच्यांनी लिहिलेले कमी मिळते. लिहिणारा हात कोणाचा होता, हे आठवणी वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

आता परसाकडे या दृष्टीने पाहा. माड लावणे म्हणजे पन्नास-साठ वर्षांचा हक्क सांगणे. फणस, आंबा यांचेही तेच. मुंडकाराने आपल्या मर्जीने असे झाड लावले, तर उद्या ते कोणाचे हा वाद उभा राहणार. म्हणून परवानगीवाचून ते होत नसे, आणि झाले तरी फळ भाटकाराचे. दुदीच्या वेलाला कोणी हरकत घेत नाही. तो चार महिन्यांत येतो आणि जातो. ज्यांची जमीन स्वतःची नव्हती त्यांच्या परसात भाजीच भाजी का दिसे, याचे एक कारण गरिबी आणि दुसरे हे. कंदांची लागवडही याच हिशेबात बसते. काटेकणगी, करांदे, सुरण ही जमिनीखाली वाढणारी, वरून फारशी नजरेत न भरणारी. भाटकाराच्या परसात हीच पिके हौसेने आणि सणासाठी होती. मुंडकाराच्या परसात तीच आषाढातली बेगमी होती.

१९५५ हे साल या दोन्ही परसांना सारखेच भिडले. १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर भारत सरकारने आर्थिक कोंडी आवळली. सीमा बंद झाली, रेल्वेची वाट बंद झाली. बेळगावचा कांदा, बटाटा आणि पालेभाजी येणे थांबले. पोर्तुगीज सरकारने वाट काढली ती समुद्रातून: बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून. पणजी-मुरगावच्या दुकानांत हॉलंडचा बटाटा मिळे. सीमेवरच्या पेडण्याला कोंडीचा फटका दुहेरी होता. बाजार तर तुटलाच, शिवाय ज्या सोयऱ्यांकडून बी आणि रोपे येत, ते सोयरेही पलीकडे अडकले. अशा वेळी परस काय देऊ शकते आणि काय नाही, याची परीक्षा झाली. भात, नारळ आणि परसातली भाजी यांवर घर तगते; कांदा, डाळ आणि कापड यांवाचून मात्र अडते. घरच्या परसावर सारे गोवे स्वयंपूर्ण होते असे आजकाल हौसेने सांगितले जाते, ते त्या दिवसांतल्या माणसांपुढे टिकले नसते.

हॉलंडचा बटाटा परवडत होता तो लोहखनिजाच्या पैशावर. पन्नाशीच्या दशकात डिचोलीच्या डोंगरांतून जपानकडे खनिज जाऊ लागले, आणि बाहेरून अन्न आणून खाण्याची सवय तेव्हाच लागली. ती मुक्तीनंतरची नव्हे. खाणीवर रोख मजुरी मिळे. शेतावरची आणि परसातली माणसे तिकडे गेली, हे स्वाभाविक होते. पायली-दोन पायली भातासाठी राबणाऱ्याला आठवड्याला हाती नाणी पडणे म्हणजे मोकळा श्वास होता. पण खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यातले पाणी उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरी खाली जातात. पावसात ढिगाऱ्यांची तांबडी माती ओहोळांतून शेतात उतरते. शिरगावच्या विहिरींचे आणि शेतांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. परसाला जे पाणी लागते ते विहिरीच्या वरच्या चार-पाच हातांतले. आधी नाहीसे होते ते नेमके तेच. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. गाळ बसलेले शेत मात्र खाण थांबली म्हणून दुसऱ्या वर्षी भाजी देत नाही.

मुक्तीनंतर जमिनीचे कायदे आले. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९६४ साली कूळ कायदा झाला, आणि पुढच्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कसणारा मालक ठरला. शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीतला १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा त्याच्याइतका गाजला नाही, पण परसाच्या इतिहासात तोच मोठा. त्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येईना, आणि घर जमिनीसकट विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. किती जमीन? ग्रामपंचायतीच्या हद्दीत घराच्या भिंतींपासून पाच मीटर, किंवा घरासकट ३०० चौरस मीटर. मुंडकाराला जे सोयीचे असेल ते. शहरी हद्दीत हा आकडा २०० चा.

हे ३०० चौरस मीटर जरा मांडून पाहू. आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असे साधे घर धरले, तर त्याखाली ४८ चौरस मीटर जातात आणि भोवती २५२ उरतात. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने गावच्या परिषदांवर मागेल त्याला भाजीपाल्याचा तुकडा भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. तिथला रूढ तुकडा दहा रॉडचा, म्हणजे २५३ चौरस मीटरचा. एका कुटुंबाला भाजी पुरवण्यासाठी इतकी जागा लागते असा त्यांचा अंदाज होता. आमच्या कायद्याच्या कर्त्यांनी तो आकडा पाहून हे ठरवले असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न निवाऱ्याचा होता. पण नकळत मुंडकाराच्या बाईच्या हाती एका इंग्रज कामगाराच्या तुकड्याएवढे परस आले. त्यातून अंगण, तुळस, गोठा आणि विहिरीची वाट वजा करायची, हेही खरे.

हक्क कायद्याने मिळाला. नाव कागदावर चढायला मामलतदाराच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात. कित्येक घरांत एका पिढीने अर्ज केला आणि दुसरी पिढी तारखांना जाते आहे. मयेची गोष्ट आणखी लांबलेली: मूळ मालक पोर्तुगालला गेल्याने गावची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात आली, आणि तिथल्या रहिवाशांना त्यांच्याच घरांचा हक्क देण्यासाठी २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला. एवढ्या काळात त्या परसांत काय लागले असेल, त्याचा अंदाज आपण करू शकता. पुन्हा चार महिन्यांचे वेलच.

आज ज्यांच्या नावावर जमीन झाली आहे त्यांच्या परसात काय आहे? माड आहेत, आंबा आहे, दारात गाडी आहे; भाजी थोडी आहे. यासाठी आळशीपणाला दोष देणे मला पटत नाही. मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या; घागरी वाहणारे खांदे मोकळे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. चोर्ल्याच्या घाटातून पहाटे उतरणारा बेळगावचा ट्रक आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरची सवलतीतली भेंडी यांच्यापुढे घरची भेंडी पैशाच्या हिशेबात टिकत नाही. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, ट्रक अडले, आणि १९५५ नंतर पुन्हा एकदा साऱ्या गोव्याने मागल्या दाराबाहेर पाहिले. त्या पावसाळ्यात पुष्कळांनी वाफे केले. बी मात्र बहुतेकांनी पाकिटातले आणले, कारण भिंतीला थापलेले बी उरले नव्हते.

पाणी आता पूर्वीपेक्षा जास्त आहे, हा यातला विरोधाभास. तिळारीच्या धरणाबाबत महाराष्ट्राशी १९९० साली करार झाला आणि त्याचे कालवे डिचोली आणि पेडण्यात आले. त्याच पेडण्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले, आणि भोवतालच्या जमिनीचे भाव भाजीच्या आवाक्याबाहेर गेले. ज्या ३०० चौरस मीटरांसाठी एका पिढीने तारखा मोजल्या, ते आता प्लॉट म्हणून मागितले जातात. विकणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार ज्यांच्या घरी पिढीजात जमीन होती त्यांना तरी नाही.

काही पिकांना मात्र उशिरा का होईना कागद मिळाला. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काणकोणची खोल्याची मिरची तिच्याआधी मान पावली होती. हरमलच्या बायकांनी भात कापल्यावरच्या मळ्यांत ही मिरची सांभाळली, ती तिखटाच्या चवीसाठी आणि वर्षाच्या बेगमीसाठी. तवशाला, तांबड्या भाजीला, काटेकणगीला असे नाव मिळेल की नाही कोण जाणे. त्यांची वेगवेगळी रूपे गावागणिक आहेत, आणि ती ओळखणारी माणसे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत.

चतुर्थीच्या आदल्या दिवसांत डिचोलीच्या, साखळीच्या, म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात आपण जात असालच. सत्तरीच्या आणि सीमेपलीकडच्या गावांतून बायका टोपल्या घेऊन येतात. तवशी, चिबूड, आंबाडे, तोरिंगे, सुपारीचे घोस, आणि ज्यांची नावे आता विचारावी लागतात अशी रानफळे त्यांत असतात. पूर्वी यातले अर्धेअधिक घरचे असे आणि उरलेले शेजारचे. यंदा माटोळी बांधाल तेव्हा टांगलेल्यांपैकी आपल्या परसातले किती, एवढे मोजून पाहा. एखादे तवसे जरी घरच्या वेलाचे निघाले, तर त्याचे बी मूळ कुठून आले ते घरातल्या मोठ्या बाईला विचारा. बहुधा ती एखाद्या माहेरचे नाव सांगेल, आणि ते गाव नदीच्या पलीकडचे असेल.